त्रिकोणातला आकडा आणि आपला भंगारवाला

(ऐरोलीतल्या एका सोसायटीच्या हॉलमधलं व्याख्यान, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीट केलेलं)

नमस्कार मंडळी, मागे आवाज येतोय ना? बरं. घरातली एखादी प्लॅस्टिकची वस्तू घेऊन या म्हटलं होतं आणि बघतेय तर निम्म्या लोकांनी पाण्याची बाटलीच आणलीय, चालेल, तिच्यापासूनच सुरू करू. बाटली उलटी करा. तळाशी बाणांचा छोटा त्रिकोण आहे, आत १ लिहिलंय. याचा अर्थ काय? ... "रिसायकल होते." हं, हेच उत्तर येणार होतं. तर तसं नाहीये. तो आकडा फक्त माल कुठला ते सांगतो. १९८८ साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने हे १ ते ७ आकडे ठरवले, निवडणाऱ्याला माल ओळखता यावा म्हणून, पण भोवती ते फिरते बाण दिले आणि लोकांचा जो समज झाला तो झाला. २०१३ मध्ये तिथल्या मानकात बाण जाऊन साधा त्रिकोण आला, पण जुने साचे कोण बदलतंय, आपल्याकडे बाण दिसतातच.

मग रिसायकल होणार की नाही हे ठरवतं कोण? तुमचा भंगारवाला. त्याला एकाच जातीचा, कोरडा, वजन भरणारा माल पाहिजे, बाकी तत्त्वज्ञान त्याला नको. मी रबाळे एमआयडीसीत मोल्डिंगच्या कारखान्यात क्वालिटीला होते, तिथेही हिशोब हाच, प्लॅस्टिकच्या दाण्यात भेसळ आली की अख्खी बॅच बाद.

आता ही १ नंबरची बाटली, म्हणजे पेट नावाचं प्लॅस्टिक. हिला गिऱ्हाईक आहे. धुतात, तुकडे करतात, वितळवून धागा काढतात, तुमच्या पॉलिस्टरच्या टीशर्टात आणि उशीच्या भरावात बऱ्याचदा हीच असते. झाकण मात्र पेटचं नसतं, २ किंवा ५ नंबरचं असतं, एचडी म्हणजे घट्ट जातीचं पॉलिथीन, नाहीतर पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. मग वेगळं कसं करतात? पाण्याने! तुकडे टाकीत टाकले की झाकणाचे वर तरंगतात, बाटलीचे तळाला जातात. घरी करून बघा, मुलांना मजा येते. म्हणून झाकण लावून बाटली दिली तरी चालते, चुरगळून दिलीत तर अजून बरं. खरी गोची होते ती काही बाटल्यांवर पूर्ण अंगभर चिकटलेल्या रंगीत कव्हरमुळे, ते कधीकधी पीव्हीसीचं असतं, ३ नंबर, आणि पीव्हीसी पण पाण्यात बुडतं, पेटच्या बरोबरीनेच, म्हणजे टाकीत दोघं वेगळे होतच नाहीत. पेट वितळायला अडीचशेच्या वर तापमान लागतं, तिथे पोचायच्या आधीच पीव्हीसी जळायला लागतं, त्यातून ॲसिडची वाफ निघते आणि सगळा माल पिवळा पडतो, काळे ठिपके येतात. थोडंसं पीव्हीसी गेलं तरी पुरतं. तर असं कव्हर दिसलं की फाडून काढा, एवढं एक काम करा.

पीव्हीसी स्वतः काही वाईट माणूस नाही हां. पाईप, वायरचं कव्हर, चांगली चाळीस-पन्नास वर्षं टिकणारी कामं आहेत त्याला. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं आणि ते येतं मिठातून. पण जाळायचं नाही, कधीच नाही, त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं निघतात. थंडीत वॉचमन लोक शेकोटीत वायर टाकतात ना, त्यांना सांगा.

बाकीचे पटापट सांगते. २ नंबर एचडी, शॅम्पूची बाटली, फिनेलचा कॅन, दणकट, भंगारवाल्याचा लाडका. ४ नंबर एलडी, म्हणजे मऊ जातीचं पॉलिथीन, दुधाची पिशवी. ५ नंबर पीपी, डबे, औषधाच्या बाटलीचं झाकण, हे साधारण १६० डिग्रीला वितळतं म्हणून गरम सहन करतं. ६ नंबर पॉलिस्टायरीन, त्यालाच फुगवलं की थर्माकोल. आणि ७ म्हणजे इतर, त्यात काहीही येतं.

थर्माकोलबद्दल लोक विचारतात की एवढं का बदनाम, आपल्या ठाण्यात तर गणपतीची काय सुंदर मखरं व्हायची. व्हायचीच. पण त्यात जवळजवळ ९८ टक्के हवा असते, टेम्पो भरून थर्माकोल नेलं तरी वजन हातात काही येत नाही, मग नेणार कोण? सगळं खाडीत. २०१८ ला राज्याची बंदी आली, १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर.

वेफर्सचं पाकीट कोणी आणलंय? ... हां, हे बघा, आतून चकचकीत. यात पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, वर धातूचा मुलामा, ते परत सुटे करणं परवडत नाही. भंगारवाला हात लावत नाही त्याला, बिचाऱ्याचं काय चुकलं. असला माल फार तर सिमेंटच्या भट्टीत जळणाला जातो. डांबरात प्लॅस्टिक मिसळून रस्ते करायची पद्धत मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन सरांनी काढली, २०१८ ला त्यांना पद्मश्री मिळाली, चांगलंच काम आहे. पण तिथेही पीव्हीसी चालत नाही.

काकू, तुमचा प्रश्न होता ना मायक्रोवेव्हचा? फक्त पीपी, आणि तेही डब्यावर तसं लिहिलेलं असेल तर. आणि 'मायक्रोवेव्ह सेफ' म्हणजे डबा वाकणार-वितळणार नाही एवढंच, तेलकट भाजी शंभरच्या वर तापते, ती काचेतच गरम करा. पेटच्या बाटलीत गरम पाणी नको, सत्तरच्या आसपास ती मऊ पडते. पातळ पिशवीत चहा पार्सल आणतात ते मला बघवत नाही. आणि ज्यांना वाटतं कागदी कप म्हणजे सुटलो, त्यांनी कप फाडून आतला थर बघावा, प्लॅस्टिकच आहे. बाळाच्या दुधाच्या बाटलीला पॉलिकार्बोनेट, म्हणजे ते काचेसारखं कडक प्लॅस्टिक, चालत नाही, भारतीय मानकानेच २०१५ ला बंद केलंय, त्यात बीपीए नावाचं रसायन असतं.

"मॅडम, दुधाच्या पिशवीचं काय करायचं?" हा चांगला प्रश्न. कोपरा कापताना पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा, कारण तो चिमूटभर तुकडा कुणी वेचत नाही, गटारातून थेट खाडीत जातो. पिशवी विसळून तारेवर वाळवा, एका मोठ्या पिशवीत भरत जा, आणि किलोभर जमल्या की द्या, दोन-चार सुट्ट्या नेल्यात तर तो तुमच्याकडे बघणारही नाही.