निमंत्रण आलं, तिकिटाचं काय?

[दृश्य: सावंतवाडी तालुक्यातल्या एका घराची पडवी. पखवाज, हार्मोनियम, गिटारची पेटी. बाहेर पाऊस.]

निवेदन:
पत्र दोन परिच्छेदांचं आहे. पहिल्यात अभिनंदन. युरोपातल्या एका संगीत-मेळ्याच्या निवड समितीला तुमचं ध्वनिमुद्रण आवडलं, तीस मिनिटांचा शोकेस, म्हणजे कार्यक्रम ठरवणाऱ्यांपुढचं नमुन्याचं सादरीकरण, देत आहोत, ध्वनियंत्रणा आमची. दुसऱ्यात मुक्कामाच्या तीन रात्री आमच्याकडे, पण प्रवास, व्हिसा आणि विमा संचाने पाहावा. मानधन नाही.

संच पाच जणांचा. गाणारी एका हायस्कुलात तासिका तत्त्वावर शिकवते. पखवाजवाला डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांमधल्या भजन-सामन्याच्या, बाऱ्या वाजवतो आणि हंगामात आंब्याच्या बागेत असतो. गिटारवाल्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. हार्मोनियमवाले काका पोस्टातून निवृत्त झालेले. घुमट, म्हणजे कातडं चढवलेलं मातीचं वाद्य, आणि झांजा वाजवणारा रिक्षा चालवतो. नावं घेऊ नका म्हणाले. का, तर अजून दोन ठिकाणी अर्ज पडलेत आणि सह्या व्हायच्या आहेत!

मालवणीत स्वतःच गाणी लिहायची आणि ती भजनाच्या ठेक्यावर बांधायची, हे त्यांचं काम. पाठीशी कंपनी नाही, मॅनेजर नाही. रेकॉर्डिंग झालं ते कणकवलीतल्या एका मित्राच्या खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून.

[दृश्य: जगाचा नकाशा. शहरांवर ठिपके.]

निवेदन:
असे मेळे जगात बरेच आहेत. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९८७ पासून मार्चमध्ये साऊथ बाय साऊथवेस्ट भरतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला जानेवारीत युरोसॉनिक असतो, इंग्लंडात ब्रायटनला मे महिन्यात ग्रेट एस्केप. लोकसंगीतवाल्यांची नजर असते ती वोमेक्सवर. तो १९९४ पासून भरतो आणि गाव बदलत फिरतो. २०२४ ला मँचेस्टरात होता, २०२५ ला फिनलंडच्या तांपेरे शहरात.

तिथे समोर बसणारा श्रोता आपल्यासारखा नसतो. गळ्यात बिल्ले अडकवलेली माणसं मागच्या भिंतीला टेकून उभी असतात. कुणी महोत्सव भरवणारा, कुणी दौरे ठरवणारा, कुणी रेडिओवाला. दोन गाणी ऐकतात आणि शेजारच्या हॉलमध्ये जातात. त्यातला एखादा थांबला, त्याने कार्ड दिलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या महोत्सवाचं बोलावणं आलं, तर सगळी मेहनत वसूल. म्हणजे खर्च आज करायचा आणि फळाची वाट वर्षभर पाहायची. तेही आलं तर.

म्हणून बाहेरच्या देशांनी यासाठी वेगळा पैसा बाजूला काढला आहे. ब्रिटनमध्ये पीआरएस फाउंडेशनचा इंटरनॅशनल शोकेस फंड आहे. तिथल्या कलाकाराला परदेशातल्या मान्य मेळ्याचं रीतसर निमंत्रण आलं की तो अर्ज करू शकतो. विमानभाडं, राहणं, व्हिसा असे खर्च त्यात बसतात. या निधीला ब्रिटनच्या व्यापार खात्याचाही हातभार आहे. संस्कृतीबरोबर व्यापार खातंही यात आहे, हे ध्यानात घ्या. कॅनडात फॅक्टर ही संस्था १९८२ पासून कलाकारांना पैसे देते, तर ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये याच कामासाठी साउंड्स ऑस्ट्रेलिया काढलं. यातला कुठलाही निधी आपल्या या पाच जणांच्या उपयोगाचा नाही. तो त्या त्या देशातल्या कलाकारांसाठी आहे. मात्र त्यामागचा हिशेब कोकणात कुणालाही पटकन कळेल.

[दृश्य: आंब्याच्या पेट्या भरण्याचं काम. हात, गवत, पेटी.]

निवेदन:
हापूसचंच बघा. अमेरिकेचं दार २००७ मध्ये उघडलं ते विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. २०१४ मध्ये फळमाशी सापडली म्हणून युरोपने आंबा बंद केला, पुढच्या वर्षी पुन्हा घेतला. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या प्रत्येक वळणावर सरकार बागायतदाराच्या आणि निर्यातदाराच्या बाजूने उभं होतं. परदेशातल्या व्यापारी प्रदर्शनांत जागा घेऊन देणं, छोट्या निर्यातदाराच्या विमानभाड्याचा वाटा उचलणं, हे वाणिज्य मंत्रालयाच्या योजनांत वर्षानुवर्षं बसत आलं आहे. त्याला कुणी मदत म्हणत नाही. बाजारपेठ शोधायला माणूस पाठवला, असं म्हणतात.

गाण्याला मात्र हा न्याय नाही. गाण्याचा कागद हातात आला की आपल्याकडे तो थेट संस्कृतीच्या टेबलावर जातो.

त्या टेबलावर काहीच नाही असं नाही. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, म्हणजे आयसीसीआर, १९५० पासून कलाकारांना परदेशी पाठवते आहे. तिच्या पॅनलवर नाव लागलं की पुढच्या वाटा उघडतात, प्रवासखर्चाच्या मदतीसाठी अर्ज करता येतो. पण परिषदेचा रोख दूतावासांच्या कार्यक्रमांकडे आणि भारत महोत्सवांकडे. तिथे देशाची ओळख करून द्यायची असते. बिल्लेवाल्यांच्या बाजारात जाऊन स्वतःची तारीख विकायची, हे काम वेगळं. गिटारवाल्याने अर्ज उघडला तेव्हा पहिल्याच रकान्यात तो अडकला. कलाप्रकार कोणता? लोकसंगीत लिहावं तर गिटार आहे. फ्युजन लिहावं तर काकांना ते पटेना. शेवटी लोकसंगीतच लिहिलं.

राज्याकडेही योजना आहे. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलाकारांना दरमहा मानधन मिळतं, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने. चांगली योजना आहे, कितीतरी दशावतारी त्यावर औषधपाणी करतात. पण ती उतारवयातली. तिशीतल्या कलाकाराला उंबरठा ओलांडताना जो पैसा लागतो, त्यासाठीची खिडकी या पाचांना अजून सापडलेली नाही.

[दृश्य: गायिका फाईल उघडते. कागद पंख्याने उडू नयेत म्हणून वर झांजा ठेवलेल्या.]

निवेदन:
आता कागदपत्रं. शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचं, शुल्क जून २०२४ पासून ९० युरो झालं. पाच जणांचे ४५० युरो, तेही व्हिसा मिळो न मिळो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही आणि पंधरा दिवसांपेक्षा उशिरा चालत नाही. बोटांचे ठसे द्यायला मुंबई. म्हणजे रात्री कुडाळला कोकणकन्या पकडायची, सकाळी काम उरकायचं आणि रात्री तीच गाडी परत.

सगळ्यात अवघड प्रकरण बँकेच्या पासबुकाचं. पखवाजवाल्याची बिदागी रोख मिळते. गणपती ते शिमगा या दिवसांत त्याच्याकडे उसंत नसते, पण पासबुकात त्याची खूण नाही. व्हिसाच्या अधिकाऱ्याला दिसतो तो जवळजवळ रिकामा खातेदार. एका सल्लागाराने सुचवलं, कुणाकडून तरी दोन लाख खात्यात फिरवून घ्या. गायिकेने नाही म्हटलं. अचानक आलेली रक्कम अधिकाऱ्याला लगेच कळते, आणि एकदा शिक्का पडला की पुढचे दरवाजे बंद. तिने त्याऐवजी दोन वर्षांच्या बाऱ्यांच्या जाहिराती, मंडळांची पत्रं आणि पावत्या गोळा केल्या. देवळाच्या ट्रस्टची पावती आणि तिचं इंग्रजी भाषांतर, अशी ती फाईल झाली. आमच्या मते यापेक्षा प्रामाणिक उत्पन्नाचा दाखला सापडणं कठीण.

वाद्यांची गोष्ट आणखी निराळी. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं चढवत. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं असतं. गोव्याने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला, तो याच रूपातल्या घुमटाला. रिक्षावाल्याकडे आजोबांचं जुनं घुमट आहे. ते घरीच राहणार, विमानतळावर सापडलं तर वाद्य जाईल आणि माणूसही अडकेल. पखवाज शिसवाचा. २०१७ मध्ये शिसवाच्या कुळातल्या सगळ्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं होतं. जगभरच्या वादकांनी ओरड केली आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. तरी पावती जवळ ठेवायची.

आणि कणीक. पखवाजाच्या डाव्या पुडीला दर वेळी ताजी कणीक मळून लावतात, वाजवून झालं की खरवडून काढतात. त्याशिवाय तो भरदार खालचा नाद उठत नाही. काकांनी पहिला प्रश्न हाच केला, “थंय गव्हाचा पीठ गावात मा?” मिळतं. पण कुठल्या पिठाला कितपत चिकटपणा, याची खात्री कोण देणार? शोकेसआधी मंचावर जुळवाजुळवीला मिळणार जेमतेम पंधरा मिनिटं.

[दृश्य: सराव. मोबाईलवर घड्याळ लावलेलं.]

निवेदन:
तीस मिनिटांत काय बसवायचं, यावर चार संध्याकाळी वाद चालला. डबलबारीचं भजन रात्रभर चालतं. रूपावली, अभंग, गवळण, गजर. बुवा समोरच्या बुवाला कोडं घालतो, श्रोते पेंगतात, जागे होतात, पुन्हा दाद देतात. तिथे रंग चढायलाच तास लागतो. इथे पहिल्या दोन गाण्यांत माणूस भिंतीपासून सुटून पुढे आला पाहिजे.

गिटारवाला म्हणाला, थेट गजराने सुरुवात करू. काकांना ते रुचेना. गजर शेवटी असतो, आधी वाजवला तर मागाहून काय उरणार? गायिकेने मधला रस्ता काढला. आधी घुमट एकटं, ठेका हळूहळू बांधत न्यायचा, त्यावर तिचा आवाज, मग पखवाज. गजर शेवटीच, पण चार मिनिटांत. काका अजून कुरकुरतात. सरावाला मात्र सगळ्यांच्या आधी येतात.

[दृश्य: मुंबई. परळच्या चाळीतली खोली, मंडळाची बैठक. फळ्यावर नावं.]

निवेदन:
पैशाची खरी हालचाल झाली ती इथे. कोकणातल्या गावांची मुंबईतली मंडळं वर्षानुवर्षं एक गोष्ट करत आली आहेत. मुंबईत नमनाचा किंवा शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे कोकणातल्या लोककलेचा, प्रयोग लावायचा, तिकिटं चाकरमान्यांत खपवायची, आणि गल्ला गावच्या देवळाला, नाहीतर शाळेच्या छपराला. कलावंतांनी गावासाठी पैसा उभा केला तो असा. यंदा पहिल्यांदा उलटं झालं. गावच्या संचासाठी मंडळाने प्रयोग लावायचं ठरवलं.

विरोधही झाला, आणि तो रास्त होता. एका ज्येष्ठ सभासदाने विचारलं, पाण्याची टाकी अर्धी राहिली आहे, ती आधी की पाच जणांची फिरती? खजिनदाराचं म्हणणं, “पैशे देऊया, पण हिशोब व्हयो.” मग ठरलं असं. रक्कम आगाऊ द्यायची. बाहेरून अनुदान मिळालं तर आधी मंडळाचे पैसे परत. नाहीच मिळालं तर संचाने पुढच्या दोन वर्षांत मंडळासाठी फुकट प्रयोग करायचे, ते टाकीच्या खात्यावर.

यातली आगाऊ ही गोष्ट सगळ्यात मोलाची. बऱ्याच अनुदानांत निदान शेवटचा हप्ता तरी परत आल्यावर, अहवाल आणि बोर्डिंग पास जोडल्यावर मिळतो. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे आहेत त्यालाच ते परवडतं. उरलेला कर्ज काढतो नाहीतर निमंत्रण फाईलला लावून ठेवतो. गावच्या मंडळाला हे कळलं, कारण दशावताराची कंपनी बोलावताना इसार आधी द्यावा लागतो हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. योजना आखणाऱ्यांनी एकदा या खोलीत बसून चहा घ्यायला हरकत नाही.

प्रयोग झाला. तिकिटं बऱ्यापैकी खपली, तरी सगळा खर्च निघाला नाही. कुणीतरी सुचवलं, तिघंच जा. घुमटवाला लगेच म्हणाला, मी राहतो. खजिनदारानेच त्याला थांबवलं, “तीनच गेले तर तेका संच कसो म्हणतलास?”

व्हिसाची तारीख सोमवारची आहे. कोकणकन्येची तिकिटं पाचही जणांची काढली आहेत, विमानाची अजून तिघांचीच.