कुठली प्रत ऐकताय?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘लेड झेपेलिनचा वारसा: निर्मिती की उचलेगिरी?’ तिथे मी येणार आहे. पण त्याआधी एक गाठ सोडवू द्या, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल.

झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचे चार भक्त एकत्र आले की भांडण ठरलेलं. एक म्हणतो, दुसऱ्या अल्बमचा आवाज म्हणजे छातीवर बसलेला हत्ती. दुसरा म्हणतो, कसला हत्ती, सगळं दाबून टाकल्यासारखं वाटतं. दोघंही शपथेवर सांगतात आणि दोघंही खरं बोलतात, कारण दोघांनी ऐकलेल्या वस्तूच वेगळ्या आहेत. एकाकडे १९६९ची तबकडी, दुसऱ्याकडे सुरुवातीच्या काळातली सीडी आणि तिसरा फोनवर २०१४चं रीमास्टर, म्हणजे जुन्या टेपवरून नव्याने तयार केलेली आवृत्ती, ऐकून दोघांच्या मध्ये न्यायाधीश म्हणून बसलेला. म्हणून माझं म्हणणं एवढंच की अल्बमवर मत देण्याआधी प्रत सांगा. नाटकाबद्दल बोलताना आपण नाही का विचारत, ‘कुठल्या संचातलं पाहिलंत?’

तर ‘लेड झेपेलिन टू’. २२ ऑक्टोबर १९६९. त्या वर्षी बँड सतत दौऱ्यावर होता, त्यामुळे रेकॉर्डिंग लंडन, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क असं जिथे स्टुडिओ मोकळा मिळेल तिथे झालं. बँडचा गिटारवादक जिमी पेज आणि साउंड इंजिनियर एडी क्रेमरने न्यूयॉर्कच्या ए अँड आर स्टुडिओत मिक्सिंग केलं आणि टेप तबकडी कोरण्यासाठी स्टर्लिंग साउंड या स्टुडिओत गेली, बॉब लुडविगकडे. (बँडचा ड्रमर जॉन बॉनमच्या ड्रमवर ‘लुडविग’ लिहिलेलं असतं, ती ड्रमची कंपनी. हे गृहस्थ वेगळे. दरवेळी कुणीतरी विचारतं, म्हणून आधीच सांगून टाकलं.) टेपवरचा आवाज लॅकरच्या चकतीत कोरायचा, त्या चकतीवरून साचे निघणार आणि साच्यांवरून हजारो तबकड्या. लुडविगने हे कोरताना पातळी चढी ठेवली. टेपवर जो दणका होता, तो जवळपास तसाच चरात उतरवला.

आता चढी पातळी म्हणजे नेमकं काय? तबकडीवरचा चर डावी-उजवीकडे नागमोडी जातो. आवाज जितका मोठा, तितकी ती नागमोड रुंद, आणि खर्जात तर ती फारच रुंद होते. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि तार वाढवतात. २० हर्ट्झला साधारण १९ डेसिबलची कपात, २० हजार हर्ट्झला जवळपास तेवढीच वाढ. ॲम्प्लिफायरचं फोनो इनपुट वाजवताना नेमकं याच्या उलट करतं. (घरी रेकॉर्ड प्लेयर साध्या ऑक्स इनपुटला लावून ‘आवाज पत्र्यासारखा येतो’ म्हणून तक्रार करणाऱ्यांनी इथे मनातल्या मनात हात वर करावा.) एवढी कपात करूनही बॉनमच्या २६ इंची बेस ड्रमचा ठोका चराला चांगलंच गदागदा हलवतो. चांगली सुई त्या वळणावर चिकटून राहते. स्वस्त प्लेयरचा जड, ताठर हात एवढ्या झपाट्याने वळू शकत नाही, मग सुई चराच्या भिंतीवर चढते आणि शेजारच्या चरात जाऊन पडते. गाणं दोन ओळी पुढे नाहीतर दोन ओळी मागे.

तेच झालं. कंपनीच्या बड्या साहेबांच्या घरातल्या एका मुलीच्या साध्या प्लेयरवर ‘होल लोटा लव्ह’ उड्या मारायला लागलं, अशी कथा खुद्द लुडविग सांगत आलाय. कंपनीने ठरवून टाकलं की रेकॉर्डमध्येच दोष आहे. लुडविगने कोरलेला तो ‘कट’ मागे घेतला, पातळी उतरवून आणि खर्ज कापून पुन्हा कोरला आणि जगभर लाखो लोकांनी तो सौम्य अल्बम ‘झेपेलिन टू’ म्हणून ऐकला. दोष होता एका प्लेयरच्या हातात आणि शिक्षा झाली अल्बमला! एखाद्या स्कूटरला खड्डा सोसला नाही म्हणून रस्ताच बुजवून टाकावा, तसं. बरं, रस्ता बुजवणं हे आपल्याकडे कौतुकाचं काम आहे, तेव्हा ही उपमा मागे घेतो.

मूळ कट कसा ओळखायचा? शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते, तिथे हाताने कोरलेलं ‘आरएल’ आणि ‘एसएस’ सापडतं. रॉबर्ट लुडविग, स्टर्लिंग साउंड. बॅटरी तिरपी धरून पाहा, समोरून उजेड टाकलात तर अक्षरं दिसणार नाहीत. आणि दोन्ही बाजू पाहा. एका बाजूला ‘आरएल’ आणि दुसऱ्या बाजूला नंतरचा कट, अशाही प्रती फिरतात आणि अख्ख्या किमतीला विकल्या जातात. आपल्या जुन्या तबकड्यांवर गाणं संपल्यावर बाई स्वतःचं नाव सांगायच्या, तशी ही कोरणाऱ्याची सही. तिसऱ्या अल्बमच्या सुरुवातीच्या प्रतींवर याच पट्टीत इंग्लिश गूढवादी अलेस्टर क्रोलीचं वचन कोरलंय, आणि चौथ्याच्या ब्रिटिश प्रतीवर ती कोरणाऱ्या जॉर्ज पेकहॅमने एका बाजूला ‘पेको डक’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पोर्की’ लिहून ठेवलंय. पहिल्या अल्बमच्या ब्रिटिश प्रतींची गंमत तर आणखी वेगळी. सुरुवातीच्या थोड्या कव्हरांवर अक्षरं निळसर हिरवी आहेत, पुढे ती नारिंगी झाली. त्या निळसर हिरव्या शाईसाठी लोक काय वाट्टेल ते पैसे मोजतात. शाई ऐकू येत नाही, एवढंच नम्रपणे सुचवतो.

‘आरएल’ प्रत सापडली म्हणून लगेच पैसे काढू नका. हाच कट स्वस्त प्लेयरवर, झिजलेल्या सुयांनी सर्वांत जास्त घासला गेलाय. तबकडी उजेडात फिरवा. चर काळे चकचकीत असायला हवेत. करडी झाक दिसली तर चराच्या भिंती खरवडल्या गेल्यात आणि ते कुठल्याही पाण्याने परत येत नाही. मग मधलं भोक पाहा. त्याच्याभोवती लेबलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा असतील, तर ती शेकडो वेळा चढवली-उतरवलीय. जमलं तर बाजूचं शेवटचं गाणं वाजवून बघा. पहिल्या बाजूला ‘थँक यू’, दुसऱ्या बाजूला ‘ब्रिंग इट ऑन होम’. झीज आधी तिथे ऐकू येते. गायक रॉबर्ट प्लांटच्या ‘स’ला थुंकी उडाल्यासारखा आवाज आला तर समजा, पुढच्या माणसाला संधी द्यायची वेळ आली.

शेवटच्याच गाण्यात का, ते सांगतो. मिनिटाला ३३⅓ फेरे कायम, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर चर सरकतो आणि आत लेबलजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा, मग वरचे सूर चुरगळणारच. आता चौथ्या अल्बमची पहिली बाजू आठवा. ‘ब्लॅक डॉग’, ‘रॉक अँड रोल’, ‘बॅटल ऑफ एव्हरमोर’ आणि शेवटी आठ मिनिटांचं ‘स्टेअरवे टू हेवन’. हळू सुरू होणारं, चढत जाणारं, आणि सगळ्यात मोठा गदारोळ नेमका सगळ्यात अरुंद जागेत! ‘स्टेअरवेचा शेवट फाटतो’ म्हणणाऱ्याने पेजला दोष देण्याआधी भूमिती पाहावी.

स्वच्छतेचं एकदाच सांगतो. चार भाग डिस्टिल्ड पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, अर्ध्या लिटरला भांडी घासायच्या लिक्विडचे एक-दोन थेंब. चराच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं नाही, लेबल कोरडं ठेवायचं. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून उभी वाळवायची. आणि हे फक्त व्हिनाइलसाठी! आजोबांच्या बालगंधर्वांच्या ७८च्या तबकड्यांना अल्कोहोल लावलंत तर त्यांच्यातली लाखच विरघळेल आणि घराण्यात कायमचं नाव होईल. सुईचं वजन कार्ट्रिजवाल्याने सांगितलंय तेवढंच ठेवा. कमी वजनाने तबकडी वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई चरात नाचते आणि भिंती जास्त फोडते.

ज्यांच्याकडे तबकड्या नाहीत त्यांनी नाराज होऊ नये, सीडीतही हीच भांडणं आहेत. ऐंशीच्या दशकातल्या पहिल्या सीडी, मग १९९०ला पेज आणि जॉर्ज मारिनोने केलेलं रीमास्टरिंग, २००७चा ‘मदरशिप’ हा जरा जास्तच मोठ्याने बोलणारा संग्रह, आणि २०१४-१५मध्ये पेजच्या देखरेखीखाली जॉन डेव्हिसने केलेली सगळ्या अल्बमची नवी मालिका. स्ट्रीमिंगवर आज बहुतेक हीच शेवटची मिळते. यांची तुलना करताना नव्वद टक्के लोक एकच चूक करतात. (नव्वद हा आकडा मोजलेला नाही, रागाचा आहे.) मोठ्याने वाजतं ते चांगलं वाटतं. एका डेसिबलचा फरक ‘मोठं आहे’ म्हणून कळतच नाही, ‘जिवंत आहे’ म्हणून कळतो. तेव्हा दोन्ही सीडींमधला तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा काढा, कुठल्याही फुकट सॉफ्टवेअरमध्ये लाउडनेस मोजा आणि मोठा असेल तो तेवढा खाली आणा. लहान असेल तो वर नेऊ नका, शेंडे कापले जातील. मग दुसऱ्या कुणाला तरी मनाला येईल त्या क्रमाने दहा वेळा लावायला सांगा. दहापैकी नऊ वेळा ओळखलंत तर तुम्हाला फरक कळतो, कारण नुसत्या अंदाजाने तेवढं जमायची शक्यता शंभरात एक आहे. सहा वेळा ओळखलंत तर चहा प्या आणि वाद मिटवा.

मुंबईचं सांगू का? सांगतोच. १९७२मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ पुन्हा रेकॉर्ड केली. ‘फोर स्टिक्स’ पाच आणि सहा मात्रांमध्ये आलटून पालटून चालतं. आपल्या भाषेत अर्धा झपताल, मग अर्धा एकताल. नाव असं, कारण बॉनमने प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या धरून ते वाजवलं. ते मुंबईचं काम ४३ वर्षं पेटीत पडून होतं. २०१५मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आलं. आणि पहिल्याच अल्बमच्या ‘ब्लॅक माउंटन साइड’मध्ये विरम जसानींचा तबला आहे, हेही पुन्हा एकदा कान देऊन ऐका. उलट ‘काश्मीर’ सुचलं ते दक्षिण मोरोक्कोतल्या वाळवंटी रस्त्यावर. तेव्हा त्या गाण्यात दल सरोवर शोधायला जाऊ नका.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

तर उचलेगिरी. होय, केली. ‘होल लोटा लव्ह’चे शब्द ब्लूज गीतकार विली डिक्सनच्या गाण्यातले. १९८५ला दावा, १९८७ला तडजोड, आता श्रेयात त्याचं नाव आहे. ‘लेमन साँग’ ब्लूज गायक हाउलिन वुल्फच्या ‘किलिंग फ्लोअर’वरून, तेही मिटवावं लागलं. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ जेक होम्सचं. तो कोर्टात गेला तेव्हा २०१० उजाडलं होतं. ‘बेब, आय अॅम गॉना लीव्ह यू’ पारंपरिक समजून घेतलं, पण ते होतं अॅन ब्रेडनचं. तिला श्रेय मिळालं १९९०मध्ये. ‘स्टेअरवे’च्या खटल्यात मात्र ते जिंकले, २०१६ला ज्युरीसमोर आणि २०२०ला अपिलात. ज्या गरीब कृष्णवर्णीय गायकांच्या जिवावर ही दौलत उभी राहिली त्यांची नावं पहिल्या दिवसापासून कव्हरवर हवी होती. ‘त्या काळी असंच चालायचं’ हे उत्तर नाही.

मग त्यांचं स्वतःचं काय उरलं? चौथ्या अल्बममधलंच ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ घ्या. गाणं मेम्फिस मिनी आणि कान्सस जो मॅककॉयचं, १९२९चं, मिसिसिपीच्या १९२७च्या महापुरावरचं. मिनीचं नाव इथे श्रेयात आहे, जोचं नाही. पण त्यातला ड्रमचा आवाज त्याआधी कुठेच नव्हता. हॅम्पशायरमधलं हेडली ग्रेंज, १७९५ची इमारत, एकेकाळचं गरिबांसाठीचं कामघर. बॉनमचे ड्रम जिन्याच्या पायथ्याशी असलेल्या हॉलमध्ये मांडले आणि साउंड इंजिनियर अँडी जॉन्सने वरच्या मजल्यावरून फक्त दोन बायर एम-१६० मायक्रोफोन खाली सोडले. बेस ड्रमजवळ एकही माइक नाही. तो आवाज बिन्सन या इटालियन इको-यंत्रातून आणि मग कॉम्प्रेसरमधून काढला. कॉम्प्रेसर ठोका दाबतो आणि त्यामागची खोलीची घुमार वर ओढतो, म्हणून ठोक्यापेक्षा जिनाच जास्त वाजतो. वर टेपची गती थोडी उतरवली, त्याने सगळंच जड झालं. १९८६ला बीस्टी बॉइज या हिप-हॉप गटाने हेच ठोके जसेच्या तसे उचलले. उचलणाऱ्यांकडून उचललं गेलं, हिशोब थोडा तरी फिटला.

म्हणजे शब्द उसने, चालीही बऱ्याचदा उसन्या, पण खोली त्यांची. भिंती, जिना आणि ड्रम ते माइक यांच्यातली हवा त्यांची. ‘सिन्स आय’व्ह बीन लव्हिंग यू’मध्ये बॉनमचं पेडल करकरतं, तेही ठेवलं. ‘द ओशन’मध्ये फोन वाजतो, तोही ठेवला. आणि पातळी उतरवून खर्ज कापला की सगळ्यात आधी जाते ती हीच हवा. म्हणून म्हणतो की सौम्य कट ऐकणाऱ्याच्या हाती उसना भागच जास्त राहतो.

दुसरी चिठ्ठी. ‘प्रेझेन्स’वर बोलायचं राहिलं. अठरा दिवसांत केलेला अल्बम मी दोन वाक्यांत संपवतो असं पत्रिकेत म्हटलं होतं, ती दोन्ही गेली. आता दिवे कमी करा आणि चौथा अल्बम लावा, दुसरी बाजू, शेवटचं गाणं. हो, हेही लेबलजवळच्या अरुंद चरांतलंच. सुई आधी पुसून घ्या.