उधळण आणि उधळपट्टी

[दृश्य: जेजुरी गड. पायऱ्यांवर गर्दी, हवेत पिवळी भुकटी.]

सोमवती अमावस्या. खंडोबाची पालखी गड उतरून कऱ्हेवर स्नानाला निघाली आहे. ‘येळकोट येळकोट, जय मल्हार!’ मुठी वर जातात आणि दगडी पायऱ्या, दीपमाळा, माणसांची डोकी, सगळं हळदीनं माखतं. ही भंडाऱ्याची उधळण. एवढी हळद, एवढं खोबरं. तरी इथं उभं राहून ‘उधळपट्टी’ हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही.

क्रियापद मात्र एकच: उधळणे. संस्कृतात उद्धूलन म्हणजे धूळ, भुकटी उडवणं. आपली धूळ त्यातच आहे. म्हणून गुलाल उधळतात, बुजलेला बैल उधळतो आणि बापाची कमाई पोरगा उधळतो.

[दृश्य: अवकाळी पावसानं आडवी झालेली ज्वारी.]

ही नासाडी. इथं पावसानं उधळपट्टी केली असं कुणी म्हणणार नाही. उधळपट्टीला माणूस लागतो, आणि तोही हात आवरता आला असता असा. ‘सरकारी पैशाची उधळपट्टी’ असं छापून येतं, तेव्हा तो आरोप असतो. तीच गोष्ट अहवालात ‘अपव्यय’ होते आणि शब्दाची धार जाते. घरात हा शब्द कुणी उच्चारत नाही. आजी म्हणते, “पानात टाकू नकोस रे बाळा, वाया जाईल.”

[दृश्य: रेल्वे रूळ. टाक्यांच्या वाघिणी.]

‘पैसा पाण्यासारखा खर्च केला’ असं आपण सहज बोलून जातो. २०१६ साली मांजरा धरण आटलं आणि लातूरचे नळ कोरडे पडले. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली: १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. घागरी रांगेत लावून बसलेल्या बाईला हा वाक्प्रचार ऐकवायचा कसा? तिथं पाणीच पैशासारखं मोजून खर्च होत होतं.

[दृश्य: इंद्रायणीचा काठ, संध्याकाळ.]

खर्चाला जुन्या मराठीत ‘वेच’ म्हणत. तुकोबा सांगतात, ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी.’ हात आखडायला ते सांगत नाहीत. चांगल्या मार्गानं जोडावं, आणि खर्चताना त्यात जीव अडकू देऊ नये. हा वेच आजही एका ठिकाणी टिकून आहे. कुणी शाळेसाठी, कुणी रोग्यांसाठी आयुष्य वेचलं, असं आपण म्हणतो. आयुष्य उधळलं असंही म्हणतो. दिवस दोघांचेही सरलेलेच असतात.

[दृश्य: पुन्हा जेजुरी. गर्दी ओसरली आहे.]

पालखी पुढं गेली. पायऱ्यांवर भंडाऱ्याचा थर बसला आहे. एक म्हातारी वाकून खोबऱ्याचे तुकडे वेचते, फुंकर मारून हळद झटकते आणि पदराच्या टोकाला गाठ बांधते.