पांढरी चार ते काळी एक: बेसीच्या बँडची तीन मिनिटं

[ध्वनी: पियानोची सुरुवात, आठ बार]

७ जुलै १९३७, न्यू यॉर्क. डेक्का या तबकड्या काढणाऱ्या कंपनीसाठी काउंट बेसी या पियानोवादकाचा जॅझ बँड ‘वन ओक्लॉक जम्प’ ही धून मुद्रित करतोय. तेव्हाच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. स्विंगच्या, म्हणजे नाचायला लावणाऱ्या जॅझच्या, जमान्यातल्या कितीतरी तबकड्या गाजल्या, पण लय, पट्टी आणि भाव यांचं नातं समजून घ्यायचं असेल, तर मी आधी हीच लावीन.

पियानोवर बेसी आहे. पट्टी पांढरी चार, म्हणजे पाश्चात्त्यांचा F. बांधणी बारा बारच्या ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून आलेल्या साच्याची: प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. शेवटपर्यंत हेच आवर्तन फिरत राहतं.

आता टाळी धरून बघा. मिनिटाला सुमारे १७५ मात्रा. लय चांगलीच चढी आहे, तरी घाई म्हणून जाणवत नाही. याचं श्रेय चौघांचं. वॉल्टर पेजचा बास चारही मात्रांवर सारख्या वजनाने चालतो. फ्रेडी ग्रीनची गिटार त्याला चिकटून असते. वेगळी ऐकू येणार नाही, पण काढून टाकली तर सगळं विस्कटेल. जो जोन्स ठेका मोठ्या ड्रमवर आदळत नाही, हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने मिटणाऱ्या जोडीच्या, झांजांवर हलका ठेवतो. आणि बेसी? तो जितकं वाजवतो, त्याहून जास्त सोडून देतो. कुठलीच मात्रा अंगावर येत नाही, म्हणून एवढ्या वेगातही नाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. कॅन्सस सिटीच्या रात्रभर जागणाऱ्या क्लबांमध्ये, नाचणाऱ्यांसमोर वाजवून वाजवून ही लय मुरलेली आहे. धूनही तिथेच, कागदावर न उतरवता, वाजवता वाजवता घडत गेली.

[ध्वनी: पियानो संपून सॅक्सोफोन सुरू होतो, तो तुकडा]

हे ऐकलंत? पट्टी बदलली. पांढरी चारचा जो कोमल धैवत, तोच नवा षड्ज झाला: काळी एक. आपल्याकडे मैफल रंगात आल्यावर तानपुऱ्याचा षड्ज कोणी हलवत नाही. इथे तो भर लयीत हलतो, एकही मात्रा न चुकता. सोय म्हणून केलेला हा बदल वाटत नाही. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट पांढरी चारमध्येही सुखाने वाजले असते. पियानोच्या त्या ओळखीच्या उजेडानंतर वाद्यांचा ताफा नव्या रंगात उभा राहावा, यासाठीच तो आहे, असं मला वाटतं.

नव्या पट्टीत पहिला येतो हर्शेल इव्हान्स. टेनर सॅक्सोफोन, भरदार आवाज, रुंद कंप. जॉर्ज हंटच्या ट्रॉम्बोननंतर दुसरा टेनर येतो, लेस्टर यंगचा. वाद्य तेच, पट्टी तीच, आवर्तनही तेच. पण आवाज हलका, कंप जवळजवळ नाही, वाक्यं बारच्या रेघा ओलांडून सहज पुढे जाणारी. एवढ्या फरकाने अख्ख्या धूनचा भाव पालटतो. दोघांना लागोपाठ पुन्हा पुन्हा ऐका. इव्हान्स १९३९ मध्ये, तिशीच्या आत गेला; त्याचं हे एक आवर्तन माझ्यासाठी फार मोलाचं आहे.

ब्लूज म्हणजे दुःख, असं आपण धरून चालतो. या तबकडीत ते नाही. साथीच्या स्वरसंघातात शुद्ध गंधार असतो आणि वाजवणारा त्यावरच कोमल गंधार लावतो. तो ताण हवाच असतो, पण खालची लय इतकी खुशीत चालते की त्यातून कळ उठत नाही, उमेद येते.

[ध्वनी: शेवटची आवर्तनं]

बक क्लेटनचा ट्रम्पेट होतो, पियानो पुन्हा थोडं बोलतो, आणि मग सगळा ताफा एकत्र येतो. सॅक्सोफोनांचं एक छोटं वाक्य, ट्रॉम्बोनांचं दुसरं, ट्रम्पेटांचं तिसरं. तिन्ही एकमेकांत अडकवलेली, पुन्हा पुन्हा येणारी. लय वाढत नाही, तरी जोर वाढत जातो.

डेक्काशी बेसीने केलेल्या करारात चोवीस बाजूंचे मिळून ७५० डॉलर ठरले होते, रॉयल्टी शून्य. हे अजूनही खटकतं. धून मात्र बेसीचीच ओळख झाली. १९८४ मध्ये तो गेला, तोवर त्याचा बँड ती वाजवत होता.