मधला ठिपका

(दृश्य: टेबलावर आलेख कागद. शाईचे तीन ठिपके. कॅमेरा वरून.)

शाळेत बीजगणिताच्या तासाला वापरायचो, तोच हा आलेख कागद. आडव्या रेषेवर वर्षं, उभ्या रेषेवर टक्के. पहिला ठिपका 1993-94 चा, 36 वर. मधला 1999-2000 चा, 26.1 वर. तिसरा 2004-05 चा, 27.5 वर. देशातल्या दर शंभर माणसांपैकी किती जण दारिद्र्यरेषेखाली होते, ते हे ठिपके सांगतात. तिन्ही आकडे सरकारी, नियोजन आयोगाचे.

पट्टी घ्या आणि जोडा. रेघ आधी झपकन उतरते, मग जराशी वर चढते. कुणीही म्हणेल, 2000 सालानंतर गरिबी वाढली.

आता तिसरा ठिपका खोडतो. 2004-05 साठी आयोगाने आणखी एक आकडा दिला होता, 21.8. ठिपका तिथे मांडतो आणि पुन्हा जोडतो. रेघ घसरगुंडीसारखी थेट खाली. वाढली कसली, चांगली घटतेय की! वर्ष तेच, पाहणी तीच, घरंसुद्धा तीच.

ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके सगळ्यांचे सारखेच असतात. कासव निघणार की कमळ, ते जोडणारी ठरवते. आलेखाकडे बघताना मात्र आपला डोळा रेघेमागे धावतो. ठिपका निदान कुणीतरी मोजलेला असतो. दोन ठिपक्यांमधली रेघ कुणीच मोजलेली नसते.

हा मधला ठिपका भारतातल्या आकडेशास्त्राच्या इतिहासातला बहुधा सगळ्यात भांडखोर ठिपका. त्याची ही गोष्ट.

(दृश्य: पुणे, सकाळ. गोखले संस्थेचं आवार, जुनी झाडं.)

टक्के मोजायचे तर आधी रेषा हवी. त्या रेषेचा एक मोठा धागा पुण्यातून, गोखले अर्थशास्त्र संस्थेतून जातो. 1971 साली इथल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी हिशेब पोटापासून सुरू केला. माणसाला दिवसाला 2250 उष्मांक लागतात असं धरलं आणि विचारलं, किती खर्च करणाऱ्या घरांना एवढं अन्न मिळतं? उत्तर आलं, 1960-61 च्या भावांनी खेड्यात माणशी महिना 15 रुपये, शहरात साडेबावीस. लक्षात घ्या, हे 15 रुपये नुसत्या भाकरीचे नाहीत. तेवढं खाऊ शकणारी घरं कपड्यावर, दिवाबत्तीवर जे खर्च करत होती, तेही त्यात आलं. या रेषेखाली खेड्यातली सुमारे 40 टक्के माणसं निघाली आणि शहरातली जवळजवळ निम्मी.

यावरही वाद झाला, आणि तो करणारेही साताऱ्याकडचेच. दांडेकरांचा जन्म साताऱ्याचा. पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकी विभाग सांभाळून ते पुण्यात परतले होते. सुखात्म्यांचं म्हणणं असं, की एकाच माणसाची गरज रोज सारखी नसते. आज कमी, उद्या जास्त, शरीर सांभाळून घेतं. सरासरीच्या खाली दिसला म्हणून माणूस उपाशी ठरवू नका. दांडेकरांना हे पटलं नाही. दोघांनी नियतकालिकांतून एकमेकांना सविस्तर, आकडेवारीसकट उत्तरं दिली. आज टीव्हीवर आठ खिडक्यांतून आठ जण एकदम बोलतात, तेव्हा मला ती भांडणं आठवतात. त्यात समोरच्याचा तक्ता आधी नीट वाचावा लागायचा.

(दृश्य: आठवडे बाजार. कांद्याचे ढीग, तराजू, पिशव्या.)

पण रेषा कुठेही आखा, तिच्याखाली कोण हे ठरवायला घराघराचा खर्च माहीत हवा. ते काम राष्ट्रीय नमुना पाहणीचं. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने ती 1950 साली सुरू झाली. पहिल्या फेरीत काही गावांचं काम पुण्याच्या याच गोखले संस्थेने केलं.

पाहणीचा माणूस दारात येतो, ओट्यावर टेकतो आणि विचारतो, "ताई, गेल्या तीस दिवसांत तूरडाळ किती लागली?"

तुम्हीच सांगून बघा. वाण्याकडून महिन्याचं सामान एकदम भरणाऱ्याला सोपं आहे. पण रोज मजुरी हातात आली की छटाक तेल आणि चार बटाटे आणणाऱ्या बाईने महिन्याचं काय आठवायचं? ती कमी सांगते. खोटं बोलत नाही, विसरते.

मग सात दिवसांचं विचारावं? त्यात वेगळीच अडचण. समजा गावचा बाजार मंगळवारी भरतो आणि पाहणीवाला बुधवारी आला. कालचा बाजार ताजा आहे. पण त्याआधीचा मंगळवारही आठ दिवसांपूर्वीचाच, तोही ओघात सांगितला जातो. एका आठवड्यात दोन बाजार बसतात आणि खर्च फुगतो.

महालनोबिसांच्या मंडळींना हे तेव्हाच जाणवलं होतं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बंगालमधल्या खेड्यांत प्रयोग केला. काही घरांना आठवड्याचं विचारलं, काहींना महिन्याचं. आणि काही घरांत माणसं चक्क तराजू घेऊन बसवली, खाण्याचे जिन्नस रोज प्रत्यक्ष तोलायला. तोलून आलेल्या आकड्याच्या जवळ महिन्याचं उत्तर निघालं. म्हणून तीस दिवस ठरले आणि पुढे चाळीसेक वर्षं प्रश्न तोच राहिला. प्रश्न एकच असल्यामुळे ठिपके निदान एकमेकांशी बोलू शकत होते.

(दृश्य: जुन्या छापील प्रश्नावलीचं पान. दोन रकाने शेजारी शेजारी.)

नव्वदच्या दशकात पुन्हा शंका आली. पाहणीतून दिसणारा घरखर्च आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातला घरखर्च यांच्यातली दरी वाढत चालली होती. म्हणून 1994 ते 1998 या काळात प्रयोग झाला. अर्ध्या घरांना जुना प्रश्न, अर्ध्यांना नवा. नव्या प्रश्नावलीत खाणं आणि पान-तंबाखू सात दिवसांचं. कपडे, चपला, शिक्षण, दवाखान्यातला मुक्काम, घरातल्या टिकाऊ वस्तू हे सगळं वर्षाचं.

नव्या प्रश्नाने खर्चाचा आकडा पंधरा टक्क्यांहून जास्त वाढला. आणि गरिबांची संख्या? जवळजवळ निम्मी झाली!

पंधरा टक्क्यांनी एवढं कसं बदललं? इथे थांबू या, कारण पुढच्या सगळ्या भांडणाची किल्ली याच ठिकाणी आहे. भारतात त्या रेषेच्या आसपास प्रचंड गर्दी होती. कोट्यवधी घरं रेषेला चिकटून, कुणी दोन रुपये खाली, कुणी तीन रुपये वर. सगळ्यांचा खर्च कागदावर थोडासा सरकवला की अख्खी गर्दी रेषा ओलांडते. कुणाच्या ताटात एक घासही वाढलेला नसतो. प्रश्न तेवढा बदललेला असतो.

आता 1999-2000 ची मोठी फेरी आली. जुना प्रश्न ठेवायचा की नवा? यावर एक तडजोड निघाली. आपल्याकडच्या तडजोडी कशा असतात ते तुम्हाला माहीत आहे. दोन्ही ठेवले! त्याच घराला, त्याच वस्तूसाठी, त्याच पानावर दोन रकाने: गेले सात दिवस आणि गेले तीस दिवस.

आता कल्पना करा. बाईने सात दिवसांचं सांगितलं, एक किलो तूरडाळ. पुढचा प्रश्न, "आणि महिन्यात?" ती काय सांगेल? चार किलो. उत्तर आठवणीतून न येता पाढ्यातून येतं. ती नाही तर पाहणीवाला मनातल्या मनात ताळा करतो, कारण विसंगत फॉर्म वरून परत येतो. म्हणजे हा रकाना नावाला तीस दिवसांचा, पण पूर्वीच्या तीस दिवसांसारखा उरला नाही. भर म्हणून कपडे, चपला वगैरे तर वर्षाच्या हिशेबावर गेलेलेच होते.

2001 साली आकडा जाहीर झाला. 26.1 टक्के. महाराष्ट्र जवळपास 37 वरून 25 वर. सहा वर्षांत देशाचे दहा टक्के खाली.

(दृश्य: 1991 च्या अर्थसंकल्पाच्या बातम्यांची कात्रणं. मग ग्रंथालयातल्या नियतकालिकांचे गठ्ठे.)

दुसऱ्या कुठल्या दशकात हे घडलं असतं, तर चार प्राध्यापकांपलीकडे कुणाला कळलंही नसतं. पण 1991 ला आर्थिक सुधारणा झाल्या होत्या आणि मोठ्या पाहणीवर त्यांचं प्रगतिपुस्तक प्रथमच येत होतं. सुधारणांच्या बाजूचे म्हणाले, बघा, बाजार खुला केला आणि गरिबी पळाली. विरोधक म्हणाले, हा आकडा भेसळीचा आहे, बाद करा. खरं सांगायचं तर आकडा उलटा आला असता, तर भेसळ शोधणारे आणि टाळ्या वाजवणारे आपापसात जागा बदलून बसले असते, असं मला वाटतं.

सगळेच तसे नव्हते. अँगस डीटन या अर्थशास्त्रज्ञाची युक्ती फार सुंदर आहे. पुढे 2015 साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांनी विचारलं, या प्रश्नावलीत असं काय आहे, ज्याचा प्रश्न बदललाच नाही? सरपण, रॉकेल, वीज अशा काही गोष्टी पूर्वीसारख्याच फक्त तीस दिवसांच्या होत्या. आणि घराचा एकूण खर्च वाढतो तसा या गोष्टींवरचाही वाढतो. मग डाळ बाजूला ठेवा, सरपणावरून घर ओळखा! तसं केल्यावर ग्रामीण गरिबी 27 ऐवजी 30 टक्क्यांच्या आसपास आली. म्हणजे घट खरी, पण जाहीर केली तेवढी नाही.

के. सुंदरम आणि सुरेश तेंडुलकर या अर्थशास्त्रज्ञांनी त्याच फेरीतली रोजगाराची पाहणी काढली. तिच्यातही घरखर्च विचारलेला होता, पण दोन रकान्यांचा घोळ नव्हता. त्यांच्या मते भेसळ फार नव्हती. अभिजित सेन आणि हिमांशू यांनी उलट दाखवलं, की त्या दशकात गरिबी जेमतेम हलली. आकडे तेच, माणसं प्रामाणिक, निष्कर्ष तीन.

शेवट काय झाला? 2004-05 ला दोन रकान्यांचा प्रयोग सोडून दिला आणि आयोगाने दोन आकडे दिले. 27.5 हा 1993-94 शी ताडून बघायचा, सगळं तीस दिवसांचं धरून. 21.8 हा 1999-2000 शी ढोबळमानाने ताडायचा, कपडे-चपला वगैरे वर्षाचं धरून. म्हणजे आपण सुरुवातीला काढलेल्या दोन्ही रेघा चूक. पहिल्या रेघेत मधला ठिपका परका, दुसरीत पहिला.

(दृश्य: तोच आलेख कागद. मधल्या ठिपक्यावर बोट.)

असं झाका त्याला. 36 वरून 27.5. अकरा वर्षांत साडेआठ टक्के. तुलनेला एवढंच धड उरतं.

पुढचा भाग तुम्हाला ओळखीचा असेल. 2009 साली तेंडुलकर समितीने रेषाच बदलली आणि तेच 2004-05 साल 37.2 टक्क्यांवर गेलं. 2011 साली सर्वोच्च न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रात शहरात रोजचे 32 आणि खेड्यात 26 रुपये आले आणि देशभर संतापाची लाट उसळली. त्यानंतर 2011-12 साठी तेंडुलकर पद्धतीने 21.9 टक्के, रंगराजन समितीने 29.5. फरक जवळजवळ साडेनऊ कोटी माणसांचा, आणि त्यातल्या कुणालाही आपण आत आहोत की बाहेर हे माहीत नाही.

(दृश्य: नवा आलेख. दोन ठिपके, मध्ये मोठी मोकळी जागा.)

हा आत्ताचा आलेख. जागतिक बँकेने 2025 साली दिलेला. 2011-12 ला 27.1 टक्के अतिगरीब, 2022-23 ला 5.3. रेषा रोजच्या तीन डॉलरची, अर्थात क्रयशक्तीच्या हिशेबाने, म्हणजे कुठल्या देशात तेवढ्या पैशांत काय येतं ते धरून. मोबाइलवर हा आलेख आला की एका बाजूला अंगठे, दुसऱ्या बाजूला हसरे चेहरे. या वेळी पाहणीवाला टॅब्लेट घेऊन एकाच घरी तीन वेगवेगळ्या महिन्यांत गेला होता, तीन वेगळ्या प्रश्नावल्या घेऊन. खाण्याचं वेगळं, घरच्या इतर खर्चाचं वेगळं, टिकाऊ वस्तूंचं वेगळं. आधीच्या फेरीत सगळं एकाच बैठकीत उरकलं जायचं. दोन तासांनंतर उत्तर देणारी बाई काय आठवून सांगत असेल, याचा अंदाज बांधा. तुलना कितपत होते, यावर अभ्यासक अजून बोलताहेत.

आणि या दोन ठिपक्यांच्या मध्ये बघा. 2017-18. त्या वर्षीही पाहणी झाली होती. देशभर माणसं ओट्यांवर बसली होती, डाळ-तेल विचारत होती. लोकांचा खर्च घटल्याचे आकडे 2019 साली वर्तमानपत्रात आले. माहितीच्या दर्जात दोष आहेत असं सांगून सरकारने अहवाल प्रसिद्ध केला नाही.

(दृश्य: पेन 2011-12 च्या ठिपक्यावर टेकतं आणि पट्टीच्या कडेने सरकू लागतं. 2017-18 च्या जागी कागद कोरा. पेन तिथे न थांबता पुढे जातं.)