नऊ चौकटी आणि एक टॅक्सी

श्रोतेहो, नमस्कार. वॉचमन म्हटलं की आपल्याला आठवतात सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसलेले काका. आज ज्या कॉमिकविषयी बोलायचंय, त्या 'वॉचमेन'मध्येही पहारेकरीच आहेत. प्रश्न एवढाच की पहारेकऱ्यांवर पहारा कोणाचा? वेताळ आणि मॅन्ड्रेक वाचून मोठे झालेल्यांना इथले मुखवटेवाले जरा जड जातील. एकाचं पोट सुटलंय, एक माथेफिरू, एकाला माणसांत रसच उरलेला नाही. खून आहेत, बलात्काराचा प्रयत्न आहे, डोक्यावर अणुयुद्ध टांगलेलं आहे. चित्रं दिसली म्हणून मुलांच्या हातात देऊ नका.

लेखक ॲलन मूर, चित्रं आणि अक्षरं डेव्ह गिबन्स यांची, रंग जॉन हिगिन्स यांचे. तिघंही इंग्रज, प्रकाशक मात्र अमेरिकेतली डीसी. एकूण १२ अंक.

आता टॅक्सीची गोष्ट. पहिल्या अंकाची संहिता गिबन्स यांच्या हाती पडली ती टाइप केलेली १०१ पानं. छापील कॉमिकची पानं तीससुद्धा नव्हती! शिवाय सगळा मजकूर सलग: दोन चौकटींच्या, म्हणजे पानावरच्या एकेका चित्राच्या, वर्णनांमध्ये मोकळी ओळ नाही, एक पान संपून दुसरं कुठे सुरू होतं तेही कळायची सोय नाही. गिबन्स आधी प्रत्येक कागदावर आकडा घालत. गठ्ठा हातातून निसटला, तर तो पुन्हा लावण्यात दोन दिवस जातील, ही धास्ती. मग हायलायटर घेऊन अक्षरांत काय लिहायचं आणि चित्रात काय दाखवायचं, ते रंगवून ठेवायचं. पेन्सिल त्यानंतर.

पुढे पुढे मूर मागे पडू लागले. संहिता दोन-चार पानांच्या हप्त्यांनी येऊ लागली. मुदत अगदी गळ्याशी आली की मूर टॅक्सी करत, स्वतःसाठी नव्हे, कागदांसाठी. ड्रायव्हरनं ५० मैल गाडी हाकायची आणि कागद गिबन्स यांच्या दारात पोचवायचे. इकडे वेळ वाचावा म्हणून गिबन्स यांची पत्नी आणि मुलगा कोऱ्या पानांवर पट्टीनं चौकटी आखून द्यायला बसत. तरी उशीर झालाच. अंकांवरच्या तारखा बघा: सप्टेंबर १९८६ ते ऑक्टोबर १९८७. बारा महिन्यांचं मासिक, चौदा महिन्यांत.

पण पुढची संहिता न वाचता घरची माणसं पान आखू शकत होती, ते कशामुळे? आखणी ठरलेली होती म्हणून. नऊ चौकटी. तीन ओळी, ओळीत तीन. मोठं चित्र हवं असेल तर शेजारच्या दोन किंवा तीन चौकटी जोडायच्या, पण मुळातलं माप तेच. तबल्याचा ठेका चालू असावा तसं. मनातले विचार दाखवणारे ढगांसारखे फुगे नाहीत, 'धडाम' 'धूम' नाही. नजर फक्त चित्रावर आणि संवादावर. (मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून वाचणं म्हणजे जेवणाचं ताट सोडून एकेक वाटी वेगवेगळ्या खोलीत जाऊन खाणं. समोरासमोरची दोन्ही पानं एकदम दिसलीच पाहिजेत.)

पाचवा अंक तर हातात धरून तपासा. त्याची मांडणी आरशातली आहे. पान पहिलं आणि पान अठ्ठाविसावं जुळतं, दुसरं आणि सत्ताविसावं. दोन पानांची बेरीज २९ आली की जोडी लागली. पुन्हा सांगतो, बेरीज २९. मधली घडी १४ आणि १५ वर. सगळे अंक एकत्र बांधलेल्या पुस्तकात पानं सलग मोजलेली असतील, तर त्या अंकापुरती एकपासून मोजा, नाहीतर जोड्या चुकतात. पहिल्या अकरा अंकांच्या शेवटी गद्य पानं येतात. कंटाळून ती उलटू नका, पात्रांचे जुने हिशेब तिथे आहेत.

आणि बारावा अंक उघडण्याआधी अकरावा लगेच आधी वाचा. नऊ चौकटींची सवय नजरेत ताजी हवी. कारण बाराव्याची पहिली सहा पानं अशी आहेत: एका पानावर एकच चित्र. मध्यरात्रीचं न्यूयॉर्क, रस्त्यावर प्रेतं. आणि एकही संवाद नाही.