कस लागेल इतके कठीण

मित्रहो, लहान वयात भराभर जिंकणाऱ्या मुलाची काळजी सहसा कोणी करत नाही. हरणाऱ्या मुलाभोवती प्रशिक्षक आणि पालक जमतात, जिंकणाऱ्याला मात्र पुढच्या स्पर्धेची तारीख तेवढी कळवली जाते. उमलत्या खेळाडूच्या घडणीत आव्हानाचे स्थान काय, या आजच्या प्रश्नाकडे मी याच बाजूने पाहणार आहे, कारण आव्हानाचा खरा दुष्काळ बहुधा अव्वल ठरलेल्या मुलांच्याच वाट्याला येतो, असे माझे मत आहे.

याचे पहिले कारण शरीरात आहे. एकाच वयोगटात खेळणाऱ्या दोन मुलांपैकी एक जानेवारीत आणि दुसरा त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेला असू शकतो, आणि दहाव्या-अकराव्या वर्षी एवढे अंतर फार मोठे असते. त्यातच उंची वाढण्याचा वेग मुलींमध्ये साधारण १२व्या आणि मुलग्यांमध्ये साधारण १४व्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असला, तरी व्यक्तीगणिक त्यात वर्ष-दोन वर्षे सहज मागेपुढे होतात. लवकर वाढलेला मुलगा ताकदीने चेंडू हिसकावतो आणि वेगाने प्रतिस्पर्ध्याला मागे टाकतो. मोकळी जागा हेरणे, दुबळ्या पायाने खेळणे, समोरच्याला हुलकावणी देणे यांपैकी कशाचीच त्याला गरज पडत नाही. पुढे बाकीची मुले उंचीने आणि ताकदीने त्याच्या बरोबरीला आली, की ज्या गोष्टी शिकण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही, त्यांची उणीव एकदम उघडी पडते.

कॅनडातील आइस हॉकीचा अभ्यास करताना रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले, की निवडल्या गेलेल्या खेळाडूंमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचा भरणा जास्त असतो. त्यानंतर हेच चित्र अनेक खेळांत आढळले. मला त्याहून बोलका वाटतो तो मॅकार्थी आणि कॉलिन्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला रग्बी अकादमीचा अभ्यास. तिथे वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली मुले प्रवेशाच्या वेळी कमी होती, पण प्रवेश मिळालेल्यांपैकी व्यावसायिक पातळी गाठण्याचे प्रमाण मात्र त्यांच्यात अधिक होते. याचे सारे श्रेय आव्हानाला देण्याची घाई मी करणार नाही, कारण लहानखुरे असूनही ज्यांची निवड झाली ती मुले मुळातच असामान्य असण्याची शक्यता आहे. तरीही रोज आपल्याहून दांडग्यांशी झुंजावे लागल्याने त्यांना डोके आणि कौशल्य वापरणे भागच पडले असावे, हे स्पष्टीकरण मला पटते.

मग अव्वल मुलाला ही संधी कशी द्यावी? इंग्लंडमधील फुटबॉल अकादमींनी जन्मतारखेऐवजी शारीरिक परिपक्वतेनुसार, म्हणजे अंदाजित प्रौढ उंचीच्या किती टक्के उंची गाठली आहे हे पाहून, गट पाडून सामने खेळवून पाहिले. लवकर वाढलेल्या मुलांनी नंतर सांगितले, की हे सामने अंगावर येणारे होते आणि पास लवकर द्यावा लागत होता. उशिरा वाढणाऱ्यांना एरवी न मिळणारी पुढाकाराची संधी मिळाली. नेहमीच्या वयोगटाचे सामने यामुळे बंद करण्याचे कारण नाही, कारण मुलाला दोन्ही प्रकारचा अनुभव हवा.

सरावातही मात्रेचाच प्रश्न येतो. ग्वाडान्योली आणि ली यांनी २००४ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार काम किती कठीण हे करणाऱ्याच्या त्या वेळच्या कौशल्यावर ठरते. नवशिक्याला गोंधळात टाकणारा सराव जाणत्याला कंटाळवाणा वाटू शकतो. १९७८च्या एका प्रसिद्ध प्रयोगात आठ वर्षांची काही मुले ३ फुटांवरच्या लक्ष्यावर छोटी पिशवी फेकण्याचा सराव करत होती, तर काही २ आणि ४ फुटांवरून. नंतर ३ फुटांच्या चाचणीत दुसऱ्या गटाची नेमबाजी सरस ठरली. असा बदलता सराव बाहेरून विस्कळीत दिसतो आणि त्यात चुका जास्त होतात, म्हणून बाजूला उभ्या असलेल्या पालकांना तो आवडत नाही. प्रशिक्षकाने त्यांच्या समाधानासाठी सराव गुळगुळीत करू नये, एवढे मी आग्रहाने म्हणेन.

आता एका गैरसमजाकडे वळतो. कॉलिन्स आणि मॅक्नमारा यांनी २०१२ मध्ये प्रतिभेला खडतर वाटेची गरज असते असा मुद्दा मांडला, आणि काहींनी त्याचा अर्थ मुलांना सोसायला लावा असा घेतला. पुढे २०१६ मध्ये शिखरावर पोहोचलेले आणि थोडक्यात राहून गेलेले खेळाडू यांची तुलना झाली, तेव्हा फरक प्रामुख्याने संकटांना दिलेल्या प्रतिसादात आढळला. तो प्रतिसाद आधी शिकवावा लागतो. ध्येय ठरवणे, लक्ष पुन्हा जागेवर आणणे, मदत मागणे ही कौशल्ये हाताशी असलेल्या मुलाला वरच्या वयोगटात काही काळ खेळवले आणि परतल्यावर त्याच्याशी शांतपणे बोलले, तर ते आव्हान ठरते. ही तयारी आणि हे बोलणे दोन्ही वगळून त्याच मुलाला तिथे ढकलणे म्हणजे निव्वळ पराभव करवणे होय. अपमान, शिक्षा म्हणून धावायला लावणे, संघातून काढण्याच्या धमक्या यांना तर आव्हान म्हणूच नये. त्यातून मुलाला शिकायला मिळते ते प्रशिक्षकाचा रोष टाळणे.

शेवटी वाढीच्या झपाट्याविषयी. त्या काळात हातपाय लांबल्याने काही मुलांचा तोल आणि अचूकपणा तात्पुरता बिघडतो, आणि गुडघ्याच्या व टाचेच्या वाढत्या हाडांवर ताण येऊन दुखणी उद्भवतात. अशा वेळी उड्या आणि जोरदार धावणे कमी करावे. आव्हान मात्र काढून घेण्याची गरज नाही, ते दुसरीकडे वळवता येते. मुलाला मैदानाबाहेर बसवून प्रतिस्पर्ध्याची पुढची चाल आधी ओळखायला सांगावे, किंवा मध्यंतरात संघाने काय बदलावे हे इतरांसमोर मांडायला लावावे, आणि त्याचे म्हणणे पटण्यासारखे असेल तर दुसऱ्या डावात ते खरोखर करून पाहावे.